लाल गाडीची खांदशेकणी

आमच्या घरचे बैल गेले त्याला बरीच वर्षं झाली. आता नांगरणी ट्रॅक्टरनं होते, कापूस टेम्पोनं जातो, आणि गोठ्यात बैलांच्या जागी आमच्या यांची लाल गाडी उभी असते. बुटकी, दोन दारांची, मागे शेपटीसारखी पट्टी लावलेली. आत बसायचं म्हणजे आधी डोकं घालायचं, मग बाकीचं शरीर आपोआप खाली पडतं. उठणं मात्र आपोआप होत नाही.

ही गाडी मुळात पांढरकवड्याच्या एका जिनिंगवाल्याच्या मुलाची. जवानीत त्यानं हौसेनं, पळवायला म्हणून घेतली. मग तो परदेशात गेला आणि गाडी जिनिंगच्या शेडमध्ये कापसाची बारीक लव अंगावर घेत पडून राहिली. आमच्या यांनी आयुष्यभर नागपूर-हैदराबाद रोडवर ट्रक चालवला. कापसाच्या गठाणी भरायला जिनिंगमध्ये गेले की त्या गाडीच्या टपावरून हात फिरवून यायचे. ट्रक सोडला त्या वर्षी जिनिंगवाल्यानं विचारलं, "उस्ताद, घेऊन जाता काय?" आणि हे घेऊन आले.

दारात गाडी उभी राहिली तेव्हा मी चुलीवर भाकरी टाकत होते. बाहेर येऊन पाहिलं आणि म्हटलं, "हे काय आणलं जी? याच्यात तं सरकीचं एक पोतं बी मावत नाई."

"पोत्यासाठी नाई आणली," हे म्हणाले. "पोते लय वाहले."

"मंग?"

"तू बस म्हणून आणली."

तिकडे भाकरी करपली तेवढी.

आमची माणसं वाहणारी. माझे सासरे सांगायचे, त्यांच्या आजोबांच्या वेळेपर्यंत तांडा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलखामुलखांतून फिरायचा. मग वावरं आली, घरं बांधली, त्या वस्तीलाही तांडाच म्हणू लागले, फिरणं थांबलं. यांच्या अंगातलं मात्र थांबलं नाही, म्हणून ट्रक. आणि ट्रक सुटला तर ही गाडी. संध्याकाळी मला घेऊन फाट्यापर्यंत जायचे, चहा प्यायचा आणि परत. बाया हसायच्या, "काकी, चालल्या काय हवा खाले?" मी म्हणायची, "या, तुमी बी बसा." बसत कोणी नसे, कारण मागची सीट म्हणजे नुसती नावाला.

मग यांच्या डोळ्यांत साखर उतरली. डॉक्टर तसं म्हणत नाहीत, मी म्हणते. पडद्याला सूज आहे, महिन्याच्या महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला यवतमाळला यावं लागेल, आणि गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. डोळ्यात सुई म्हटल्यावर मीच डोळे मिटून घेतले, हे शांत. पण गाडीचं ऐकल्यावर खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "मॅडम, याच्यावर दुसरं काही औषध नाई काय?"

आमचा मुलगा पुण्याला असतो. घर तिसऱ्या मजल्यावर, सून चांगली, नातवंडं गोड, पण खिडकीतून दिसते ती समोरच्या बिल्डिंगची भिंत. याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. तो म्हणाला, "याडी, महिन्याच्या महिन्याला बापूला नीट नेणारं-आणणारं माणूस तिथं असलं तर राहा. नसलं तर मी तुम्हा दोघांना घेऊन येतो." त्याचं काही चुकत नव्हतं. दूर बसलेल्या लेकाला रात्री झोप कशी लागावी?

पहिल्या महिन्यात एसटीनं गेलो. येताना यांच्या एका डोळ्याला पट्टी. पांढरकवड्याच्या स्टँडवर बाकडं समजून एका बाईच्या गाठोड्यावर बसले, आणि गाठोड्यात कोंबडी होती. पुढच्या महिन्यात भाड्याची गाडी केली, तर तो ड्रायव्हर सगळा रस्ता फोनवर कोणाशी तरी भांडत होता. घरी उतरल्यावर हे म्हणाले, "याच्यापेक्षा मी डोये झाकून बरा चालवतो."

मी म्हटलं, "मले शिकवा."

हसले नाहीत, हे मला अजून आठवतं. मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "उद्या सकाळी वावरात चाल."

उन्हाळा होता, वावर मोकळं. सीट इतकी खोल की मला समोरचं काही दिसेना, म्हणून खाली वाकळ घडी करून घेतली. यांचं शिकवणं ट्रकवरच्या उस्तादाचं. क्लच समजावताना म्हणाले, "झोपलेल्या लेकराच्या मानेखालून हात काढतो ना, तसा पाय काढ." ते मात्र मला लगेच जमलं. आजवर पाच लेकरं झोपवली, घरची आणि जावेची मिळून. लायसन्सच्या परीक्षेला गेले तर तिथल्या साहेबांनी विचारलं, "आजी, कोणासोबत आल्या?" म्हटलं, "गाडीसोबत."

तर अशी मी ड्रायव्हर झाले. यवतमाळला नेऊ लागले, आणू लागले. मुलाचे फोन कमी झाले. सगळं ठीक चाललं होतं. ब्रेक तेवढा जड. गाडी थांबवायची म्हणजे पायावर सगळं वजन टाकावं लागे. मला वाटे, गाड्यांचं असंच असत असेल.

एकदा सकाळी इंजेक्शनला निघालो होतो. फाट्याच्या अलीकडे जंगलाचं वळण आहे. तिथे तुरीतून एकदम रोही, म्हणजे नीलगाय, आलं, चांगलं घोड्याएवढं. मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. गाडी थांबता थांबेना. घसरत घसरत गेली आणि पुढचं चाक रस्त्याकडेच्या नालीत उतरलं तेव्हा थांबली. रोही पलीकडच्या सोयाबीनमध्ये उभं राहून आमच्याकडे पाहत होतं.

हे म्हणाले, "पाय पुरा दाबला व्हता काय वं?"

"पुरा. कंबर उचलली मी."

"इकडं ये."

नालीत कललेल्या गाडीत आम्ही जागा बदलल्या. यांनी ड्रायव्हरच्या जागेवर बसून ब्रेक दोन-तीनदा दाबून पाहिला. मग म्हणाले, "ही गाडी पळाले बनवली व्हती, थांबाले नाई. इतके दिवस थांबत व्हती ते माह्या पायानं. ट्रकवर बनलेला पाय आहे हा. तुहा पाय काहून तेवढा जोर लावन?"

मी म्हटलं, "मंग आता?"

"पाय बदलता येत नाई. ब्रेक बदलू."

पांढरकवड्याला हायवेवर एका मिस्त्रीचं गॅरेज आहे. हा मिस्त्री पूर्वी यांच्याच ट्रकवर क्लीनर होता. आता त्याच्याही मिशा पांढऱ्या झाल्या, पण यांना पाहिलं की उठून उभा राहतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उस्ताद, या जुन्या गाडीच्या मागं कायले लागता? नवी घ्या. पायाचं बोट लावलं की थांबते."

"नव्या गाडीत तिले पुन्हा शिका लागन," हे म्हणाले. "हिच्यात तिचा हात बसला. आता पाय बसव."

मला त्या दिवशी ब्रेक म्हणजे काय ते कळलं. मिस्त्रीनं पुढचं चाक काढून दाखवलं. आत एक लोखंडी चकती चाकाबरोबर फिरते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी दोन पॅड तिला चिमट्यासारखे धरतात. आमच्या गाडीची डिस्क बशीएवढी. याच गाडीचं मोठ्या इंजिनाचं एक मॉडेल होतं, त्याची डिस्क ताटलीएवढी. ती मिस्त्रीनं नागपूरच्या भंगार बाजारातून शोधून आणली, तिच्या चिमट्यासकट. पॅड नवे, नळ्या नव्या, आणि पायाचा जोर वाढवणारा एक मोठा डबा असतो, बूस्टर, तोही बदलला.

सगळं बसवून जुनं चाक चढवायला गेला, तर चाक चढेना. चिमटा मोठा, चाकाला आतून अडकायचा. हे खुर्चीवरून म्हणाले, "बैल मोठा आणला अन् जू जुनंच ठेवलं काय बे?" मिस्त्रीनं डोकं खाजवलं. मग मोठी चाकंही शोधणं आलं. ती मिळाली तीही झकास. आमच्या जुन्या चाकांवर पत्र्याची घट्ट टोपी असायची, आतलं काही दिसायचं नाही. या नव्या चाकांना टोपीच नव्हती. जाड जाड दांड्या, मधे मोकळं, आणि त्या मोकळ्यातून आतली डिस्क आरशासारखी चमकताना दिसायची.

गाडी ताब्यात देताना मिस्त्री मला म्हणाला, "काकू, पयले काही दिवस ब्रेक कचकन् नका दाबू. नवे पॅड डिस्कवर बसाले टाइम लागते. हळूहळू धरतीन."

हे मी नीट लक्षात ठेवलं. त्यामुळेच पुढचा घोळ मला कळायला उशीर झाला.

घरी आणताना ब्रेक सुरेख लागला. दुसऱ्या दिवशी पोळा होता, म्हणजे त्या संध्याकाळी खांदशेकणी. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना नदीवर धुऊन आणतात, आणि वर्षभर जू वाहून घट्टे पडलेला त्यांचा खांदा कोमट तूप-हळदीनं, पळसाच्या पानानं शेकतात. मग बैलाच्या कानाशी उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. आमचे बैल गेले त्या वर्षी खांदशेकणीच्या संध्याकाळी हे गोठ्यात नुसतेच उभे होते. नंतर वाटी घेऊन गेले आणि गाडीच्या चारही चाकांच्या टोप्यांना तूप-हळद लावून आले. तेव्हापासून दरवर्षी तसंच. मी कधी थट्टा केली नाही. तूप कोमट करून द्यायचं माझं काम.

त्या संध्याकाळीही मी चुलीपाशीच होते, पुरणाची डाळ शिजत होती. वाटी आणि पान यांच्या हातात दिलं. गोठ्यातून यांचा आवाज ऐकू आला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग बराच वेळ काही नाही. म्हटलं, यंदा चाकं मोठी आहेत, शेकायला वेळ लागत असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तांड्याच्या मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. सजवलेले बैल ओळीनं उभे, त्यांच्या मागे ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरच्या मागे आमच्या लाल गाडीची जागा. तांड्याचे प्रमुख नायक, त्यांच्या घरापासून मैदानापर्यंत उतार आहे. त्या उतारावरून मी अगदी हळू गाडी आणत होते. नवं लुगडं नेसलेली, बाजूला हे फेटा बांधून बसलेले. ओळीशी पोचले आणि ब्रेक दाबला. पाय लोण्यात गेल्यासारखा मऊ गेला, पण गाडी थांबेना. मी अजून दाबला. गाडी आपली चालतेच आहे, घाई नाही, गडबड नाही, पाहुण्यासारखी. ट्रॅक्टर वाचवायला मी स्टिअरिंग वळवलं. ओळीच्या बाजूनं, बैलांच्या शिंगांजवळून, तोरणाच्या खालून आरपार गेलो आणि पलीकडे नायकांच्या पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगात घुसून थांबलो.

कोणाला काही लागलं नाही. सगळ्या मैदानात असा हशा पिकला की बैलही बिचकले.

म्हातारे नायक काठी टेकत आले. वाकून काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई, तुहा बैल लयच उधळला."

मागून कोणीतरी म्हणालं, "पुरण खाल्ल्याबिगर थांबत नाई वाटते तो."

मीही हसले. हे मात्र हसले नाहीत. "पाय पुरा दाबला व्हता?" त्यांनी हळूच विचारलं.

"पुरा," मी म्हटलं. पण माझाच माझ्यावर विश्वास राहिला नव्हता. एवढं सगळं नवं बसवलं, पाहिजे तेवढं मोठं बसवलं, तरी थांबेना, म्हणजे काय? माझ्याच पायात काही नाही. मिस्त्री म्हणाला होता हळूहळू धरतील, पण इतकं हळू? ट्रॅक्टरनं गाडी घरी ओढून आणल्यावर चावी देवाजवळच्या खिळ्याला अडकवली आणि पुरणपोळीचं ताट वाढलं. दोघांनाही जेवण गेलं नाही.

तांड्यातल्या कोणीतरी मोबाईलवर सगळं टिपलं होतं. संध्याकाळी मुलाचा फोन.

"याडी, मी पाहिलं."

"पऱ्हाटीत गेली, बापा. मऊ व्हती."

"यावेळी पऱ्हाटी होती. रोडवर ट्रक असतो." तो रागावला नव्हता, तेच जास्त लागलं. "मी पुढच्या आठवड्यात येतो. बापूला यवतमाळला मीच नेतो, आणि मग आपण सगळे पुण्याला जाऊ. तू एकटीनं किती करशील?"

मी फोन ठेवला. हे बाजेवर बसले होते, सगळं ऐकलं असणार. थोड्या वेळानं म्हणाले, "यवतमाळ मीच नेतो. रस्ता मले पाठ आहे. कुठी गड्डा आहे, कुठी वळण, सगळं."

"अन् रोही? ते बी पाठ आहे काय?"

हे बाजेवर आडवे झाले.

दोन दिवस चावी खिळ्यालाच होती. घरात फिरताना मी प्रत्येक वस्तूकडे पाहत होते, पुण्याला काय न्यायचं, काय कोणाला द्यायचं. जात्याशी थांबले. तिसऱ्या मजल्यावर जातं कोण चढवणार? आणि चढवलं तरी दळणाचा आवाज खालच्या घरात. मग माझ्या मनात आलं, जायचंच असेल तर जाऊ, पण मिस्त्रीला एकदा विचारून तरी पाहू. फोन लावला. "पॅड बसाले किती दिवस लागतात बापा?"

"का बरं काकू?"

सांगितलं. पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "एवढं नाई होत. गाडीले हात नका लावू, मीच येतो."

मोटरसायकलवर पाना-जॅक बांधून आला. गोठ्यातच पुढचं चाक काढलं. मी बाजूला उभी, हे खाटेवर. मिस्त्री डिस्कजवळ वाकला, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. पुन्हा घेतला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "काकू, याच्यात तुपाचा वास येऊन राह्यला."

डिस्कवर पिवळट थर होता. पॅडमध्ये तूप मुरलं होतं. पळसाच्या पानाचा एक तुकडाही आत अडकलेला निघाला.

चूक कळायला मला एक क्षण लागला, यांना तेवढाही नाही. उठून आले, उकिडवे बसले, डिस्कवर हात ठेवला आणि बोटं नाकाशी नेली. सगळी हयात ट्रकवर काढलेला माणूस. ब्रेकच्या लायनरला ग्रीस लागलं म्हणून क्लीनरला धपाटा घालणारा. तो धपाटा ज्यानं खाल्ला होता तोच समोर पाना धरून बसला होता.

"म्या तं टोपीले लावलं व्हतं," हे म्हणाले.

मिस्त्री हळूच म्हणाला, "उस्ताद, या चाकाले टोपी कुठी आहे?"

हे चाक यांनी स्वतः पसंत केलं होतं. टोपी नाही, हे गॅरेजमध्ये दिवसाउजेडी हात फिरवून पाहिलं होतं. पण गोठ्यातल्या अंधुक उजेडात हात दरवर्षीच्या सवयीनं चालला, आणि समोर टोपी आहे की मोकळी जागा आहे हे डोळ्यांना दिसलंच नाही.

मिस्त्री हसला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "चूक माही आहे उस्ताद. टोपीवाले चाक आणाले पाह्यजे व्हते म्या."

"नाई बे," हे म्हणाले. "तू आपलं काम कर."

तो पेट्रोल आणि फडकं घेऊन कामाला लागला. मी यांच्याजवळ खाटेवर बसले.

"कवापासून दिसत नाई?"

"दिसते. कडाकडानं दिसते. मधातलं काळं होते." हाताचा पंजा तोंडासमोर धरून दाखवला. "तुह्याकडं पाह्यलं तं तुहे कान दिसतात, डूल दिसतात. तोंड दिसत नाई."

"कवापासून?"

"उन्हाळ्यापासून."

"अन् डॉक्टरीणबाईले सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुले कळलं असतं. तुले कळलं असतं तं पोऱ्याले कळलं असतं." बोटांवरचं तूप खाटेच्या दांडीला पुसलं. "अन् मंग तिसरा मजला."

रागवावं की काय करावं मला समजेना. इतके महिने माझा चेहरा न दिसता हा माणूस माझ्याशी बोलत होता, भाजीत मीठ कमी म्हणत होता, पदर नीट घे म्हणत होता. मी उठले, आत गेले, खिळ्यावरची चावी काढली आणि कमरेला खोचली. परत येऊन मिस्त्रीला म्हटलं, "नवे पॅड आहेत?"

"गॅरेजमंधी आहेत."

"आण. बसव. अन् ते बसाले काय करा लागते ते मले दाखव."

दुसऱ्या दिवशी पॅड आले. त्यानंतर सकाळी मोकळ्या रस्त्यावर मी गाडी चालवायची, बाजूला मिस्त्री. थोडा वेग घे, हळू दाब, सोड, पुन्हा वेग घे, पुन्हा दाब. हे पहिल्यांदाच मागच्या सीटवर, गुडघे हनुवटीला लागलेले. तिथून म्हणायचे, "सोडतानी घाई करून राह्यली तू." मिस्त्री म्हणायचा, "उस्ताद, आता मले शिकवू द्या." रोज ब्रेक थोडा जास्त धरायला लागला. शेवटी शेवटी पाय नुसता टेकवला तरी गाडी समजायची.

मुलगा आला. बॅग ठेवून म्हणाला, "चला, यवतमाळला मी चालवतो." मी म्हटलं, "तू मागं बस. माह्या गाडीत नवा ड्रायव्हर चालत नाई." त्यानं बापाकडे पाहिलं. बाप म्हणाला, "मी बी मागं बसून आलो. बस."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. मीच सांगितलं, कान-डुलांसकट. त्या यांना थोडं रागावल्या, औषध बदललं, इंजेक्शन दिलं. म्हणाल्या, गेलेलं सगळं परत येईल असं सांगत नाही, पण आहे ते सांभाळू.

येताना घाट लागतो. यांच्या डोळ्याला पट्टी, दुसरा डोळा मिटलेला. उतरताना वळण घेतलं आणि समोर बघते तर पऱ्हाटीनं भरलेला एक ट्रक रस्त्यातच उभा, मागचा दिवा नाही, काही नाही. मागून लेकाचा हात माझ्या सीटवर घट्ट आला. मी पाय टेकवला. गाडी जशी म्हैस पाण्यात बसावी तशी खाली बसली आणि थांबली. ट्रकमधून लोंबणारी एक काडी काचेला टेकली, बस.

हे मान टेकून पडले होते. जरा वेळानं डोळा न उघडताच म्हणाले, "काहून हळू केली वं?"

"हळू नाई केली," मी म्हटलं. "थांबली."

"थांबली काय?"

"कवाचीच."

पट्टीखालून गालावर एक ओघळ आला. औषधाचाही असेल. मागून लेकानं माझ्या सीटवरचा हात काढून घेतला. घरी पोचल्यावर गाडीतून निघताना त्याला बाहेर ओढावं लागलं, पाय आखडले होते. उभं राहून कंबर धरत म्हणाला, "याडी, पुण्याला तुम्ही थंडीत या. नातवंडांची सुट्टी असते तेव्हा." एवढंच. जातं माझं जागच्या जागी राहिलं.

यंदाच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी खबरदारी म्हणून चारही चाकांना युरियाची रिकामी पोती बांधून ठेवली. यांना आता थोडं बरं दिसतं. माझं तोंड दिसतं म्हणतात, धुरातून दिसावं तसं. गोठ्यात जाऊन त्यांनी चाकांवरून हात फिरवला, पोती लागली, आणि वाटी घेऊन तसेच परत चुलीपाशी आले.

"काय झालं? आवतन नाई दिलं?"

"देतो." समोर पिढ्यावर बसले. "पाय इकडं कर."

"कायले?"

"खांद त्याची शेकतात ज्याच्यावर जू असते. उजवा कर."

मी पाय पोटाशी घेतला. आमच्याकडे नवरा बायकोच्या पायाला हात लावत नाही. म्हटलं, "काही बी काय करता जी, दार उघडं आहे. लोक पायतीन."

"पाहू दे. मले कुठी कोणी दिसून राह्यलं?" म्हणाले आणि पळसाचं पान तुपात बुडवलं.

तूप जरा जास्तच गरम झालं होतं. सांगितलं नाही.